घरातला चढ

"पाय तुम्ही घरी घालतच नाही, बाई. मला कळतं ते."

"घालते."

"मग पडता कशा?"

"घालते म्हणूनच पडते. नसता घातला तर पलंगावर बसून राहिले असते, सुखरूप."

"अहो, इथे झकास चालता तुम्ही! आत्ता चाललात. बार न धरता!"

"इथे सपाट आहे. माझ्या घरात चढ आहे."

"घरात चढ कसा असेल?"

"ते तू सांगायचंस. डिग्री तू घेते आहेस, मी नाही."

कमरेएवढ्या उंचीच्या दोन लोखंडी बारांच्या मध्ये उभ्या राहून भांडणाऱ्या या बाई म्हणजे हेमा आगाशे. नारायण पेठेतल्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. मधुमेहानं त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून नेला होता. आणि बारांच्या बाहेर, एका जागी म्हणून उभं राहता न येणारी, सारखी डावीकडून उजवीकडे होणारी पोरगी म्हणजे उत्कर्षा गावंडे. मुक्काम मूळ मूर्तिजापूर, हल्ली कोथरूड. विद्यापीठाच्या कृत्रिम अवयव शाखेच्या पदवीचं शेवटचं वर्ष. हेमाबाईंचा नवा पाय तिनं बनवला होता. प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून माप घेण्यापासून ते खालचा रबरी पंजा बसवण्यापर्यंत सगळं स्वतः. हाच पाय तिच्या अंतिम प्रात्यक्षिकाला जायचा होता. बाहेरगावचे परीक्षक येणार, हेमाबाईंना चालायला लावणार. पाय पास तर उत्कर्षा पास. नाहीतर पुन्हा सहा महिने, नवा पेशंट, नवं प्लास्टर.

पहिल्याच दिवशी तिनं "काकू, बसा ना" म्हटलं, तेव्हा उत्तर आलं होतं, "काकू कोणाची? तुझ्या काकाला मी पाहिलेलंही नाही. बाई म्हण." तेव्हापासून बाई.

"बूट घालता ना पण रोज?" उत्कर्षानं विचारलं. हा प्रश्न तपासणीत असायचाच.

"घालते," बाई म्हणाल्या आणि साडीच्या निऱ्या किंचित उचलून पांढरे कॅनव्हासचे बूट दाखवले. "या वयात साडीवर बूट. शेजारी विचारतात, आगाशे बाई, पर्वतीवर परेड असते का?"

मागून लवाटे सर आले. उत्कर्षाचे मार्गदर्शक. बाईंची चाल त्यांनी एकदा पाहिली, पुन्हा पाहिली, मान डोलावली. मग तिला बाजूला घेऊन म्हणाले, "गावंडे, पाय उत्तम आहे. चढ त्यांच्या मनात आहे. पाय गेल्यावर माणूस घाबरतं. घाबरलेल्या माणसाला सगळीकडे चढच लागतो. तू आता पायाला हात लावू नकोस."

"हो सर," ती म्हणाली. आणि खिशातली अ‍ॅलन की, म्हणजे पायाचे स्क्रू फिरवायची ती वाकडी चावी, बोटांत गरगर फिरवत राहिली.

*

उत्कर्षाला स्वस्थ बसता येत नसे, हे मूर्तिजापुरातल्या तिच्या बालवाडीच्या बाईंनीही सांगितलं असतं. पुण्यात येऊन ते वाढलं. पौड फाट्यावर बसची वाट पाहायची तर ती थांब्यावर थांबायची नाही. पुढच्या थांब्यापर्यंत चालत निघायची, आणि बस नेमकी दोन थांब्यांच्या मधे तिला गाठून, धूळ उडवून निघून जायची. चालताना ती माणसांचे चेहरे बघत नसे. चाली बघायची. हा उजवा खुबा पाडतो. हिला टाच दुखते. हा भाजीवाला लहानपणी पोलिओतून उठलाय. एकदा सिग्नलला एका अनोळखी आजोबांना तिनं सांगून टाकलं, "आजोबा, तुमचा डावा पाय आखूड आहे, टाचेखाली पातळ चकती लावून घ्या." आजोबा म्हणाले, "सत्तर वर्षं चालला आहे, तुमची परवानगी राहिलीच घ्यायची."

तिच्या पदवीची आद्याक्षरं बीपीओ, म्हणजे बॅचलर ऑफ प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. त्या वर्षी, दोन हजार सहा साली, पुण्यात ही तीन अक्षरं ऐकून कुणाला पायाचा पंजा आठवला असता? सोसायटीतले लोक समजत, गावंड्यांची मुलगी कॉल सेंटरला आहे. खालच्या मजल्यावरच्या सुशीलाबाई तर जिन्यात अडवून विचारायच्या, "रात्री न्यायला गाडी येते की तुमची तुम्हाला जावं लागतं?" सुरुवातीला उत्कर्षानं समजावून पाहिलं. मग सोडून दिलं. प्लास्टरनं पांढरी झालेली नखं दाखवून तरी किती दाखवणार.

आणि खरं सांगायचं, तर तिलाही वाटायचं, बरोबर आहे त्यांचं. रोज सकाळी फाट्यावर कंपन्यांच्या बसगाड्या लागायच्या. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली तिच्याच वयाची मुलं त्यांत चढायची आणि काचा बंद करून हिंजवडीकडे निघून जायची. सगळं शहर कुठेतरी निघालेलं, आणि आपण एका बाईच्या नडगीपाशी गुडघे टेकून बसलेलो.

ही टोचणी तिच्या थोरल्या भावाला, सुदर्शनला, नेमकी ठाऊक होती. तो हिंजवडीतच होता. कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघं राहायची, आणि घरी आलं की तो कंपनीतली भाषा बुटांबरोबर काढून ठेवायचा.

"तुले किती डाव सांगू वं? जूनमध्ये फ्रेशर्सची बॅच हाय. टेस्टिंगले कोणतीही डिग्री चालते. म्या तुयं नाव देल्लं मॅनेजरले."

"मले विचारलं होतं काय तू?"

"विचारून का होते? तू तं ठरवतच नाही काही. इकून तिकून नुसती फिरते. बस ना एका जागी! जेव तरी!"

"जेवून राहिली ना मी." ती ताट हातात घेऊन गॅलरीतून आत, आतून गॅलरीत करत होती.

"फक्त पास हो. रिझल्ट लागला पायजे जूनच्या आत, बस. नापास झाली तं बॅच गेली. मंग बस पाय घासत."

"घासत नाही, घडवत."

"थेच."

ती चिडली नाही. कारण तिला त्या बसमध्ये चढायचं होतं. काचेच्या आत, थंड हवेत, एसीखाली बसून एकदा तरी घाम न येता काम करायचं होतं. पास व्हायचं, आणि मग बघू: एवढंच तिनं ठरवलेलं. पायाला हात लावू नकोस, असं सर सांगत होते, भाऊही तेच सांगत होता, फक्त वेगळ्या शब्दांत.

तरी दुसऱ्या दिवशी ती नारायण पेठेत, बाईंच्या घरी गेली. कुणी सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमात घरी जाणं नव्हतंच. पण "घरात चढ आहे" हे वाक्य तिच्या डोक्यात एकटंच येरझाऱ्या घालत होतं, आणि येरझाऱ्या घालणाऱ्याला ती ओळखायची.

*

दार गोपाळकृष्ण आगाशे यांनी उघडलं. बाईंचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त.

"कोण पाहिजे?"

"मी उत्कर्षा. पायवाली."

"पायवाली." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वेळ कळवून येण्याची पद्धत मूर्तिजापुरात नाही वाटतं."

"सॉरी काका."

"या. चपला तिथे. ओळीत."

तिनं चपला काढल्या, ओळीत ठेवल्या, आत गेली. बाई नुकत्याच डॉक्टरांकडून आल्या होत्या. दाराशी लाकडी स्टुलावर बसल्या होत्या, आणि काका पुन्हा खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. आधी डावा बूट. मग उजवा, रबरी पायातला. तो घट्ट बसायचा, ओढून काढावा लागायचा. दोन्ही बूट त्यांनी झटकून कपाटात ठेवले, टोकं बाहेर करून. हे सगळं उत्कर्षाच्या डोळ्यांसमोर झालं, आणि तिला त्यात काहीच दिसलं नाही. दिसणार तरी काय? घरात आलं की माणूस पायातलं काढतोच. ती स्वतः अनवाणी उभी होती.

चहा झाला. बाईंनी विचारलं, "साखर?" आणि उत्तर यायच्या आत "एकच घातली आहे" असं सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळावर चर्चा झाली. मग बाई कप ठेवायला उठल्या.

उठल्या, आणि लगेच मागे झोक गेला. त्यांनी टेबल धरलं. एक पाऊल, टेबल. दुसरं, खुर्चीची पाठ. तिसऱ्याला स्वयंपाकघराच्या ओट्याची कड. कॉलेजात बार न धरता चालणारी बाई स्वतःच्या घरात भिंतीला चिकटून निघाली होती, आणि उजवा गुडघा प्रत्येक पावलाला उलटा, मागच्या बाजूला ढकलला जात होता.

"दिसला चढ?" बाई ओट्यापाशी पोचून म्हणाल्या. "का हासुद्धा मनातलाच?"

उत्कर्षा फरशीवर आडवी झाली. गाल फरशीला लावून तिनं पाहिलं. काकांनी कपाळावर आठ्या घातल्या.

फरशीवर दोन पावलं होती. एक बाईंचं, भेगा पडलेलं. दुसरं रबरी, बुटाच्या जाड टाचेसाठी बनवलेलं. बूट काढल्यावर त्या टाचेखालचा आधारच गेला होता. टाच खाली बसली होती आणि तिच्याबरोबर वरची अख्खी नळी मागे कलली होती. फार नाही, बोटभर. पण बोटभर मागे कललेल्या पायावर उभं राहायचं म्हणजे दिवसभर डोंगर चढायचा.

"बाई," ती पडल्यापडल्याच म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात, बूट घालते."

"घालतेच की. बाहेर जाताना."

"आणि बाहेर कधी जाता?"

"तुझ्या कॉलेजात येताना. नाहीतर डॉक्टरकडे."

"म्हणजे दिवसभर..."

"दिवसभर काय घरात बूट घालून फिरू? ओट्याशी? देवासमोर?"

"स्लीपर तरी?"

"घातली. या पायाला बोटं कुठायत धरायला? निसटते. एक तर तुळशीच्या कुंडीत गेली."

उत्कर्षा उठून बसली. तिला हसू येत होतं आणि रडूही. चार वर्षं. जाडजूड पुस्तकं, सगळी परदेशी. प्रत्येक पुस्तकात पहिली सूचना: पेशंटला त्याचे नेहमीचे बूट घालायला सांगा, मग पाय जुळवा. आणि इथे शिकवणारे, शिकणारे, पाय लावणारे, सगळेच्या सगळे घरी गेल्यावर दारात चपला काढणारे. इतकं रोजचं, की ते विचारायचंही असतं हे कुणाच्या मनात आलं नाही. तिच्याही नाही. बूट घालता का, हो घालतो. संपलं.

"मला वेड लागलं असं वाटायला लागलं होतं," बाई अचानक साध्या आवाजात म्हणाल्या. "तुझे सर म्हणाले, मनात आहे. हेही म्हणायला लागले, असेल बुवा मनात."

"मी 'असेल' म्हणालो होतो," काका म्हणाले. "'आहे' म्हणालो नव्हतो."

उत्कर्षाच्या खिशात अ‍ॅलन की होतीच. सरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. तिनं चार स्क्रू सैल केले, नळी पुढे घेतली, पुन्हा कसले. बाई उभ्या राहिल्या. ओटा सोडला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, तिथून गॅलरीत, आणि परत. कशालाही हात न लावता.

"कसं वाटतंय?"

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. नारायण पेठेत याहून मोठी शाबासकी नसते.

मग उत्कर्षानं कपाटातले बूट आणून घातले आणि पुन्हा चालायला सांगितलं. आता उलटं झालं. टाच उंचावली, आणि प्रत्येक पावलाला गुडघा पुढे मोडायला लागला. बाई पुढे कोसळता कोसळता सावरल्या. बाहेर जायला सपाट तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल घेतली तर प्रश्नच नव्हता. पण परीक्षेत चप्पल चालत नव्हती. परीक्षेत बूटच घालावे लागत होते.

*

"मूर्खपणा आहे," लवाटे सर म्हणाले. पण आवाज चढवून नाही. वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालू होता. तो बंद होईपर्यंत ते थांबले. "तू म्हणतेस ते चूक आहे असं मी म्हणत नाही. अनवाणी चालायचे पायही असतात, ते शिबिरांत देतात लोक. पण हा पाय परीक्षेचा आहे. परीक्षक बूट घालून चालवणार. गुडघा मोडला की नापास. साधं आहे."

"मग नियम बदलायला हवा ना सर?"

"बदलेल. तू नोकरीला लागलीस की पत्र पाठव, मी सही करतो."

"मागच्या बॅचच्या पायांचं काय झालं, कधी पाहिलंत?"

"पास झाले."

"पाय?"

सरांनी ग्राइंडर पुन्हा चालू केला.

ती जाऊन बघून आली. मागच्या वर्षीचे पेशंट. पत्ते विचारायला तिला लाज नव्हती. एकाचा पाय फ्रिजच्या मागे उभा होता, वर फडकी वाळत घातलेली. खडकवासल्याच्या रस्त्याला दत्तोबा म्हणून एक जण राहायचे, ते कुबडीवर टुणटुणत बाहेर आले आणि कौतुकानं म्हणाले, "पाय हाय की! लई झ्याक हाय. माळ्यावर ठिवलाय. लग्नाकार्यात घालतो, फोटोपुरता."

"घरात का घालत नाही?"

"घरात कशापायी? घरात मागं मागं वढतो त्यो. बाहेरच्यासाठीच असंल त्यो, मला वाटलं."

परतताना बसमध्ये जागा असून ती बसली नाही. दांडा धरून उभी राहिली. धरणाचं पाणी मागे गेलं, वस्ती सुरू झाली, आणि तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. सहा महिने. जूनची बॅच जाईल. सुदर्शन बोलणार नाही, किंवा फार बोलेल. आणि कुणासाठी? हेमाबाईंचा पाय तर परीक्षेनंतरही फिरवून देता येईल. चार स्क्रू. कुणाला कळणार?

रात्री तिनं सुदर्शनला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "मंग सोपं हाय ना. परीक्षेले एक सेटिंग, घरी दुसरं. आमच्या इथं बी डेमोले वेगळं असते, क्लायंटले वेगळं जाते."

"मंग क्लायंटचं चालते का?"

"नाई चालत," तो म्हणाला, आणि मग आपल्याच बोलण्यावर चिडून टीव्ही लावून बसला.

*

परीक्षेच्या सकाळी तयारीच्या खोलीत तिघं होती. हेमाबाई खुर्चीवर, पायात बूट. उत्कर्षा त्यांच्यापुढे उकिडवी, हातात अ‍ॅलन की. लवाटे सर दारात. पलीकडच्या हॉलमधून परीक्षकांचा खोकला ऐकू येत होता. पाय अजून घरच्याच बेतात होता, अनवाणी चालायच्या.

"फिरव," सर म्हणाले. "तुझ्या आधीची मुलगी आत गेली आहे. आता तुझंच नाव."

उत्कर्षा स्क्रूकडे बघत राहिली.

"अगं फिरव की!" बाई म्हणाल्या.

तिनं चमकून वर पाहिलं.

"बघतेस काय? शाळेत इन्स्पेक्शन असलं की आम्ही काय करायचो? हुशार मुलं पहिल्या बाकावर. कच्ची मुलं त्या दिवशी घरी. साहेब खूश, शाळा खूश. दुसऱ्या दिवशी परत सगळे आपापल्या जागी. मी चालते बूट घालून, मस्त चालते, हवं तर मिरवते. संध्याकाळी घरी ये आणि परत फिरव. पोहे करते."

"बघ," सर म्हणाले. "पेशंटलाही कळतंय."

"कच्ची मुलं घरी," उत्कर्षा म्हणाली.

"हो."

"मग त्यांचं काय व्हायचं?"

"काय व्हायचंय? कच्चीच राहायची," बाई म्हणाल्या, आणि वाक्य संपता संपता त्यांचा स्वर जरा खाली आला.

"गावंडे," सर म्हणाले, "मी तुझा शत्रू नाही. तू आत जाऊन परीक्षकांना सांगणार, की बूट काढून चालवा. ते म्हणणार, नियमात नाही. तू वाद घालणार. ते तापट आहेत. मी त्यांना ओळखतो. एका पायासाठी सहा महिने घालवशील."

"एका नाही सर."

"बरं, दहा पायांसाठी. त्या लोकांची तू कोण लागतेस?"

आतून कुणीतरी हाक मारली, "गावंडे, उत्कर्षा!"

तिनं अ‍ॅलन की सरांच्या हातात ठेवली. मग खाली वाकून बाईंच्या बुटाच्या नाड्या सोडायला लागली. आधी डाव्या. मग उजव्या. उजवा बूट घट्ट होता; तिनं तो दोन्ही हातांनी ओढून काढला.

"उत्कर्षा," बाई म्हणाल्या. एरवी त्या तिला नावानं हाक मारत नसत. "आणि नापास झालीस तर? भावाला काय सांगशील?"

तिनं बूट खुर्चीखाली सरकवले, बाईंना उठायला हात दिला नाही, अनवाणी त्यांना तो लागत नव्हता, आणि हॉलचं दार ढकलून पुढे निघून गेली.